पुंजाराम तात्यांच्या घरची घमेंड

हसनाबादेत पुंजाराम तात्यांचं घराणं घमेंडी म्हणून गाजलेलं. बाजारात कडेला बसलेल्यांनी हात जोडले तरी तात्या आपले सरळ पुढं. "तात्याच्या मानेत खिळा ठोकलाय," लोक म्हणायचे. म्हातारपणी त्यांचे डोळेच गेले, तर वयाचं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. थोरला लेक काकासाहेब आमचा शेजारी. त्याचीही चाल तशीच, अन् मला तर ती ऐट लई आवडायची.

शहाऐंशीला काकासाहेबाच्या लेकीचं लग्न झालं. धाकटा भाऊ बद्रीनाथ आहेराची शेला-टोपी घेऊन त्याच्या डाव्या हाताला उभा राहिला. काकासाहेब त्याच्याकडं न बघता तसाच व्याह्याकडं गेला. भरल्या मांडवात! बद्रीनाथ न जेवता उठला. तिथून बोलणं तुटलं.

दोन-तीन वर्षांनी काकासाहेब रस्त्याच्या कडेला सोडलेल्या बैलगाडीवर आदळला. "मोतीबिंदू असंल, पिकला की काढू," असं म्हणत जालन्याला गेला. सोबतीला मी. डॉक्टरांनी डोळ्याचं प्रेशर मोजलं, एकेक डोळा झाकून कडेचं किती दिसतं ते पाहिलं.

"काचबिंदू आहे. दुखत नाही, म्हणून कळत नाही. कडेची नजर आधी जाते. गेली ती परत येत नाही. राहिलेली जपायला थेंब टाकायचे, जन्मभर. आणि हे घराण्यात चालतं. वडिलांचे डोळे गेले म्हणता, तेही यानंच असावं. सख्खी भावंडं, लेकरं, सगळी तपासून घ्या."

काकासाहेब गावात उतरला तो घरी न जाता थेट बद्रीनाथाच्या दारात.

"काहून आला?" बद्रीनाथ गुरगुरला.

"जालन्याला चल. डोळे दाखवायचे तुझे. मला काचबिंदू निघाला. मांडवात तू मला दिसलाच नव्हता, बद्री."

"वा! इतक्या सालांनी बहाना सापडला. माझी नजर बिलकुल बराबर हाय. आजबी सुईत दोरा ओवून राह्यलो मी."

"तात्याबी ओवायचे."

"तात्याचं नाव घेऊ नको! भर मांडवात भावाला..."

बद्रीनाथ तावातावानं बोलत होता. त्याची बायको उषाबाई पदर सावरत चहा घेऊन आली. थोरल्या दिराला कप दिला, मग नवऱ्याच्या उजव्या अंगाला बशी धरून उभी राहिली. तो बोलतच होता. ती उभीच.

"धरा की आता!" ती वैतागली. "हात अवघडला माझा."

बद्रीनाथ दचकला. "कवा आलीस?"

"कवाची म्हणजे? तुमच्या शेजारीच तर हाय."

बद्रीनाथानं मान वळवून बशीकडं पाहिलं. चहावर साय धरली होती.

"मांडवात मीबी असाच उभा होतो का रं, दादा?"

काकासाहेबानं नुसती मान हलवली.

"मंग उद्या जल्दी निघू. पयल्या गाडीनं."

बद्रीनाथालाही काचबिंदूच निघाला, पण त्याची पुष्कळ नजर शाबूत होती. दोघांच्या लेकरांची तपासणी त्याच वर्षी झाली आणि पुढं दर साली होत राहिली. तात्यांना मात्र कुणी नेलं नव्हतं. घमेंडीला औषध असतं हे कुणाला ठाऊक होतं?

त्या संध्याकाळी मला अजून आठवतात. दिवस कलला की दोघं भाऊ ओट्यावर बसून एकमेकांच्या डोळ्यांत थेंब टाकायचे.

"वर बघ."

"वरच बघून राह्यलो."

"मंग थेंब नाकावर काहून पडला?"

"तुझा हात हलतो, म्हाताऱ्या!"

काकासाहेब दुसरा थेंब बराबर डोळ्यात टाकायचा. टाकून झाला तरी त्याचा हात धाकट्याच्या हनुवटीखाली थोडा वेळ तसाच राहायचा.