उरलेली आठ मिनिटं

माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. डावा हात आखडतो, मूठ लवकर उघडत नाही. ती चौदा वर्षांची झाली तेव्हा तिच्या थेरपिस्टने घरच्या घरी करायचा व्यायाम लावून दिला. डाव्या मनगटाला सेन्सरचा पट्टा बांधायचा, लॅपटॉपसमोर उभं राहायचं आणि हात हलवून पडद्यावरचे बुडबुडे फोडायचे. रोज अर्धा तास. दर तीन आठवड्यांनी प्रोग्रॅम मार्क बघतो आणि आपोआप अवघड होतो. थेरपिस्टला तिच्या क्लिनिकमध्ये बसून सगळं दिसतं.

वॉलॉंगॉंगला आमच्या घरी साडेचारला हा तमाशा सुरू व्हायचा. नवरा नोकरीसाठी ट्रेनने सिडनीला, म्हणजे वाईटपणा घ्यायला मी एकटी. आमचं कन्यारत्न शाळेतून दमून यायचं आणि बावीस मिनिटं झाली की पट्टा सोफ्यावर फेकायचं.

"झालं!"

"काय झालं, डोंबल? आठ मिनिटं राहिलीत अजून."

"लीव्ह इट, मम!" की दार धाडकन बंद.

तसंच ठेवलं तर पडद्यावरच्या कॅलेंडरात त्या दिवसाचा चौकोन लाल राहतो. मला तो लाल बघवेना. तिच्या ताटात उरलेला भात मी आजवर संपवत आलेय, अन्न टाकू नये म्हणून. त्याच सवयीने एक दिवस पट्टा स्वतःच्या मनगटाला बांधला आणि उरलेली आठ मिनिटं संपवून टाकली. चौकोन हिरवा! दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे पुढे, खोटं कशाला बोलू, मला मजाच यायला लागली. पटापट फोडत सुटले. असे तीन आठवडे.

मग थेरपिस्टचा मेसेज आला: हाताने मोठी झेप घेतलीय, शाब्बास! लेकीने तो चार वेळा वाचला. मैत्रिणींना पाठवला. जेवताना डाव्या हाताने ग्लास उचलला, अर्धं पाणी अंगावर सांडलं तरी हसत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. तिचं ते हसू मला हवं होतं, दुसरं काही नाही.

सोमवारी प्रोग्रॅम बदलला. माझ्या हाताला तिचा हात समजून त्याने बुडबुडे लहान केले, पळते केले. तिला एकही फुटेना. त्या दिवशी ती पूर्ण अर्धा तास उभी राहिली, कुरकुर न करता, घामाघूम. मंगळवारी तेच, बुधवारी तेच.

"आई," ती म्हणाली. एरवी सगळं इंग्लिशमध्ये, पण घाबरली की तिला मराठी सुचतं. "माझा हात बिघडतोय का?"

"नाही गं बाई."

"मग फुटत का नाहीत?"

उपमा करते म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले.

शुक्रवारी व्हिडिओ कॉल होता. थेरपिस्ट गंभीर. एवढी झेप आणि लगेच एवढी घसरण, हे बरं लक्षण नाही म्हणाली. उंची वाढते त्या वयात स्नायू ताठरतात. सर्जनला दाखवू, कदाचित ऑपरेशनचा विचार करावा लागेल. माझ्या शेजारी लेकीने डावी मूठ उजव्या हाताने झाकून मांडीत दाबून धरली.

"थांब," मी थेरपिस्टला म्हणाले. "ते मार्क तिचे नाहीत. शेवटची मिनिटं मी करत होते."

मला माझीच इतकी लाज वाटली की कॅमेऱ्याकडे बघता येईना. थेरपिस्टने काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाली, सर्जनची घाई नको, आधीच्या पायरीवर परत जाऊ. मी मोठा श्वास सोडला. वाटलं, सुटले बाई एकदाची.

लेक मात्र पडद्याकडेच बघत होती. तिथे थेरपिस्टने उघडलेले तीन आठवड्यांचे मार्क होते, प्रत्येक दिवसाचा एकच आकडा.

"हे सगळे तुझे?"

"सगळे कसे असतील, वेडे? माझी रोजची फक्त आठ मिनिटं. बाकी तुझेच."

"मग माझे कुठले?"

थेरपिस्टने नकारार्थी मान हलवली. तिच्याकडेही दिवसाचा एकच आकडा होता. लेक रडली असती, ओरडली असती तर मी सांभाळून घेतलं असतं. ती फक्त एकेका दिवसावर बोट ठेवत गेली.

"यातले किती माझे? आणि यातले?"