काचेवरचा कागद

मुलीने कासवासाठी हॉलमध्ये लाकडी घर केलं आहे. पुढे काच, खाली नारळाचा ओलसर भुसा, एका कोपऱ्यात उबेचा दिवा, दुसऱ्यात आडवं ठेवलेलं फुटकं मडकं. हवा दमट राहावी म्हणून माझी इस्त्रीची फवाऱ्याची बाटलीही तिने पळवली. एवढा थाट करूनही कासव दिवसभर काचेवर नाक घासत राहिलं. पाय चालत होते, पण ते जागचं हलत नव्हतं.

"आई, त्याला काच कळत नाही गं," म्हणत मुलीने काचेच्या खालच्या भागावर तपकिरी कागद चिकटवला. "बाहेरचं दिसलं नाही की शांत होतं."

आणि खरंच झालं. संध्याकाळी ते मडक्यात शिरून गप्प पडलं.

"रुळलं बघ!" मुलगी खूश झाली. मी मान डोलावली, पण मला काही ते खरं वाटेना. देवळातल्या दगडी कासवालाही निदान समोर देव दिसतो. याने मान आत ओढून घेतली, ती समाधानाने की कंटाळून, हे कोणी ठरवायचं?

चहा ठेवायला ओट्याशी आले. समोरच्या खिडकीच्या काचेवर दुधी कागद आहे. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तो लावून घेतला होता. पुढे सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमची सून लगेच रुळली हो!"

इतकी वर्षं मला ते कौतुकच वाटत आलं.