गावात घर कुठल्या बाजूला?

नसीम आपांवर माझा कधीच विश्वास नव्हता.

आज सकाळी त्या गेल्या. नांदेडला, राहत्या घरी.

दुपारपासून फेसबुकवर ज्याला-त्याला त्या आपल्या गुरू वाटायल्यात. त्यातल्या कितीजणांनी त्यांचे तास बुडवले, मला चांगलं माहीत आहे.

असो. माझा स्वभावच संशयी. आई म्हणते, "हिला कुणी फुकट चहा पाजला तर ही आधी पाजणाऱ्याच्या तोंडाकडं बघती."

आपा आम्हाला लॉ कॉलेजात शिकवायच्या. घरचा धंदा बाइंडिंगचा. वकिलांची फाटकी पुस्तकं घरी शिवायला यायची, ती वाचता वाचता त्या कायद्याकडं वळल्या.

त्यांच्या पीएचडीचा विषय होता विद्यार्थ्यांच्या मंडळांमधलं रॅगिंग, आणि त्यात जात-धर्म कुठं लपून बसतात.

ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. हिला काय पडलंय आमच्या जातीचं?

त्या प्रत्येकाला आधी एकच विचारायच्या, "तुला पहिला प्रश्न काय विचारला होता?"

"मारलं तर कलम आहे," म्हणायच्या. "प्रश्न विचारला त्याला कलम न्हाई. म्हणून सगळा खेळ प्रश्नातच असतो."

मीही एक किस्सा सांगितला. मैत्रिणीचा म्हणून.

लातूर. भूकंपाला दोन-तीन वर्षं झालेली. क्लासेस नुसते जोरात. आम्ही बाहेरगावच्या पोरी एका खाजगी होस्टेलवर. बारावीच्या सीनियर, अकरावीच्या नव्या.

होस्टेलवर मुलींचं एक मंडळ होतं. मंडळात असलं की सीनियरच्या नोट्स मिळायच्या, मेसमध्ये सगळ्यांबरोबर ताट. नसलं की तुमचं तुम्ही बघा.

नव्या मुलीला मंडळासमोर उभं करायचं. नाव सांग, गाव सांग. आडनावावरून अंदाज आला नाही तर पुढचा प्रश्न.

"गावात घर कुठल्या बाजूला?"

कुठली वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला, हे आमच्याकडं ठरलेलं. बाजू कळली की जात कळली. आणि विचारणारी म्हणायला मोकळी, मी तर पत्ता विचारला.

शोभा नावाची मुलगी आली. भूकंपात पडलेल्या गावची.

"गावच पडलं ताई," ती म्हणाली. "पत्र्याच्या शेडात राहतोत आम्ही. बाजू कुठली सांगू?"

तिथं थांबायला पाहिजे होतं.

पण एक सीनियर म्हणाली, "पडायच्या आधी कुठं होतं?"

शोभानं सांगितलं. बिचारीनं खरं सांगितलं.

त्या दिवसापासून तिला नोट्स नाहीत. ताट वेगळं. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही.

आपांनी सगळं लिहून घेतलं. मग पेन ठेवला.

"आणि तुला काय विचारलं होतं?"

"काहीच न्हाई."

"का बरं?"

मी उठून आले.

महिनाभरानं त्या कॅन्टीनमध्ये आल्या. दोन चहा सांगितले.

"बिननावाचा किस्सा चालत न्हाई म्हणतात गाइड. सही देशील?"

"मैत्रिणीचं आहे ते."

"बेटा, त्याच होस्टेलची दुसरी एक मुलगी भेटली मला. ती म्हणली, तो प्रश्न उमरीच्या उमरीकरनं विचारला." मग आवाज एकदम बारीक केला. "माझ्या हजेरीत उमरीची एकच मुलगी आहे. आडनाव वाघमारे."

मी आधी आजूबाजूच्या टेबलांकडं बघितलं.

हाव, खरं होतं ते. होस्टेलवर मी आडनाव उमरीकर सांगितलं होतं. कुणी ओळखलं नाही. आणि तो प्रश्न मीच विचारला होता. माझा कुणाला संशय येऊ नये म्हणून सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

"अडकवायलात का मला?" मी म्हटलं.

"न्हाई गं. मला कुणी बाजू विचारत न्हाई. नसीम म्हणलं की झालं, पुढं विचारायची गरजच न्हाई. तुला लपायला जागा होती, तू लपलीस. मला असती तर मी पण लपले असते."

मी चहा तसाच ठेवून निघाले. सही दिली नाही.

प्रबंध लायब्ररीत आला तेव्हा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत माझं नाव शोधलं. नव्हतं.

शोभाचा किस्सा पण नव्हता. होस्टेलवरचं अख्खं प्रकरणच काढून टाकावं लागलं होतं त्यांना. माझ्या न दिलेल्या एका सहीपायी.

मला काय वाटलं सांगू? सुटले बाई. एवढंच वाटलं.

पुढं मी वकील झाले. कोर्टाच्या आवारात आपा भेटायच्या. "चहा घेतेस?" आणि मला वाटायचं, आज काढणार ही विषय.

इतक्या वर्षांत एकदाही काढला नाही. कुणापाशी बोलल्याही नाहीत. बोलल्या असत्या तर नांदेडात माझ्या कानावर आलंच असतं.

संशय घ्यायचाच होता तर माझा मी घ्यायला पाहिजे होता. लाज वाटते मला.

शोभा, तू कुठं आहेस मला माहीत नाही. हे वाचलंस तर कमेंटमध्ये, सगळ्यांसमोर शिव्या घाल. मी डिलीट करणार नाही.

आपा, तुमच्या चहाकडं बघत बसले आणि तुम्हाला बघायचंच राहिलं. सलाम घ्या. खुदा हाफिज.

तुम्ही मागितलेली सही आणलीय. लई उशीर झाला.

"पडायच्या आधी कुठं होतं?" हे मी विचारलं होतं.

सुनीता किशन वाघमारे. उमरी.

घर गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या पलीकडं.