व्हॅम्पायरचं स्थळ

मलकापूरच्या बसस्टँडजवळचे टायपिंगवाले भाऊ दिवसभर लग्नाचे बायोडाटा टाइप करतात. उंची आणि मामाचं गाव विचारल्याशिवाय त्यांची बोटं हलत नाहीत. माझी व्हॅम्पायरची प्रेमकथाही तेच टाइप करतात. नायकाचं अख्खं घराणं रक्त पितं, हे मी नायिकेपासून लपवलं होतं. लग्नाचं प्रकरण आलं आणि भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पोरीच्या घरच्यायले सांगतलं काय, ताई?"

"नाही. तेच तर रहस्य आहे!"

"मंग मी नाही टाइप करत. फसवून लगन लावून राह्यल्या तुम्ही."

मी तणतणत घरी आले. दुसऱ्या दिवशी गेले, तर प्रकरण तयार होतं. फक्त त्याच्याआधी भाऊंनी नायकाचा बायोडाटा जोडला होता. ते पान मी अजून काढलेलं नाही. त्यात शेवटी लिहिलंय, 'रक्तगट : कोणताही चालेल.'