उरल्या फेसाचं पाणी

त्या दिवशी महाडच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आमी इतकी माणसं व्हतो. मी, माजा मुलगा, माजी सून, पोलादपूरकडनं यष्टीनं आलेली सुनेची आई, नि सुनेच्या मांडीवर माजी चार महिन्यांची नात. टेबलापलीकडं डॉक्टरीणबाई. बाकी कोण नाय. जे झालं ते येवढ्यांच्या समोर झालं.

बचत गटातल्या बाया मला म्हणाल्या, "आजे, तुमच्याकडं काटकसरीच्या लय युक्त्या. आमच्या वहीत लिवा." मी तिसरी शिकले. बोलते तसंच लिवते.

युक्त्या हायत माज्याकडं. नवरा गेला तवा मुलगा दोन वर्षांचा व्हता. वरंधच्या बाजूला आमची वाडी. तिथनं सकाळच्या गाडीनं महाडला उतरायची नि चार घरची धुणीभांडी करायची. साबण त्या घरचा, हात माजे. तिथं बघत बघत शिकले. साबणाच्या चिपा टाकायच्या नायत, जुन्या मोज्यात भरून गाठ मारायची, आठ दिवस कापडं निघतात. भाताची पेज गाळून सुती लुगड्याला लावायची, इस्त्रीची गरज नाय. आमटीतलं आमसूल शिजून निघालं की त्यानंच तांब्याचा हंडा घासायचा. सुकट उन्हात कडक करून डब्यात घट्ट भरली तर पावसाळाभर कालवणाची चिंता नाय. भात उतरला की त्याच निखाऱ्यावर डाळ ठेवायची.

आणि धुण्याची युक्ती. एकदा साबण घातलेल्या पाण्यात सगळ्या घराचं धुणं काढायचं. आधी बाळाची दुपटी-लंगोट, मंग पांढरं, मंग रंगीत, सगळ्यात शेवटी मुलाची कंपनीची कापडं. फेस हाय तोवर पाणी टाकायचं नाय. हा माजा नेम. तीस वर्षं पाळला.

मुलगा एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत कामाला. पावडरीच्या खात्यात, गोणी भरायला. त्याची कापडं घरात आली की आंबूस, नाकात झोंबणारा वास यायचा. म्हणून ती शेवटी.

त्या वर्षी मे महिन्यात आमचा झरा आटला. टँकर चार दिवसांनी यायचा, त्यातही दोन पिंपं वाट्याला. तेवढ्यातच मुलाची पाळी बदलली. आधी तो दुपारी यायचा, मंग सकाळी यायला लागला. कंपनीचे दोन जोड व्हते, त्यातला एक फाटलेला. सकाळी अंगावरनं काढलेला जोड संध्याकाळी वाळून पायजे. म्हणून मी काय केलं, तो जोड पयला भिजवायला लागले. नव्या पाण्यात, नव्या साबणात. तो पिळून काढला की बादलीत फेस उरायचा. चांगला वर आलेला फेस. टाकायचा कसा? त्यातच बाळाची दुपटी बुचकळली. वरनं एक चांगलं पाणी फिरवलं की झालं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर वाटलंसुद्धा नाय. हात आपोआप चालले.

आठ दिवसांत पोरीच्या जांघेत लाल झालं. मंग गुडघ्यामागं, मानेत. कातडी सुटायला लागली. पोर रडून रडून निळी पडायची. मी खोबरेल लावलं, हळद लावली. शेजारीण म्हणाली दृष्ट. ती पण काढली. मंग मी सुनेकडं वळले.

"तू सुकट खाल्लीस ना गो परवा?"

"दोन घास, आत्या." सून मला आत्या म्हणते.

"तेच दुधातनं उतरलं. आता सगळं बंद."

सुकट बंद, वांगं बंद, तिखट बंद. नुसता भात, मीठ नि मेथीची भाजी. तीन आठवडे सुनेनं ते खाल्लं. गालाची हाडं वर आली, दूध कमी झालं. पोरीच्या अंगावर रोज नवीन चट्टा. मी रोज दुपटी आणखी घासून धुवायची. त्याच पाण्यात.

शेवटी मुलानं सुट्टी टाकली नि आमी महाडला गेलो.

डॉक्टरीणबाईंनी पोरीला उलटंपालटं बघितलं. म्हणाल्या, "हे बाहेरून लागलंय असं वाटतं. तुम्ही कुठे कामाला?"

मुलानं सांगितलं.

"तुमच्या कामाच्या कपड्यांबरोबर बाळाचे कपडे धुता का?"

सून पटकन म्हणाली, "नाय हो बाई. आत्या धुतात. त्यांचा नेम हाय. आधी बाळाचं, शेवटी कंपनीचं. आत्यांसारखं सोवळं धुणं आख्ख्या वाडीत कोणाचं नाय."

कौतुकानं बोलली ती. तिला पाळी बदलल्याचं ठाऊक, पण बादलीतलं ठाऊक नाय. मी धुवायची तवा ती पोरीला घेऊन बसलेली असायची.

तिथंच, त्या क्षणाला मला कळलं. आधी कळलं नव्हतं, ही शपथ. पण कळल्यावर मी गप्प बसले, हे पण खरं. वाटलं, आता घरी गेले की येगळं धुवीन, पोर बरी होईल, कोणाला कळायचं कारण नाय.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिवायला घेतलं. "मग आईच्या दुधाचं काही आहे का ते बघावं लागेल. थोडे दिवस अंगावरचं बंद करा. डब्याचं दूध लिहून देते."

सुनेनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. तिची आई तिच्यावरच ओरडली, "सांगत व्हते ना, काय पण खातेस म्हणून! आता बघ. तुज्याच दुधानं लेकरू भाजलं."

सून खाली बघून रडायला लागली. आवाज नाय, नुसतं पाणी.

मी उभी राहिले. म्हटलं, "बाई, लिवू नका. दूध बंद करू नका. माजा नेम मोडला व्हता. ह्याची पाळी बदलली तवापासनं मी आधी ह्याची कापडं भिजवते. त्याच फेसात पोरीची दुपटी धुते."

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. विहीण बोलली, ती बोलणारच.

"म्हणजे तीन आठवडे माज्या लेकीला मीठभातावर ठेवलीस नि रोग तुज्या बादलीत व्हता व्हय गो? चिमूटभर साबण वाचवायला?"

"व्हय," मी म्हटलं.

"व्हय म्हणतेय वर!"

दुसरं काय म्हणणार? खरं तेच व्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद फाडला. दुसऱ्यावर मलम लिवून दिलं. म्हणाल्या, "बरं झालं आजी, सांगितलंत." मला ते बरं झालं असं वाटलं नाय. उशीर झाला असं वाटलं.

यष्टी स्टँडवर विहीण आपल्या गाडीत चढली. माज्याकडं बघितलं नाय. आमच्या गाडीत सून खिडकीपाशी, मधी मुलगा, मी कडेला.

घरी आल्यावर सुनेनं पोरीला झोळीत घातलं. नवी लाल बादली परसात नेऊन खुंटीला लावली. यष्टी स्टँडवर घेतली व्हती तिनं, पोरीच्या कापडांसाठी. मंग चुलीपाशी आली.

"आत्या, आज सुकट करा. तिखट करा."

मी केली. तिनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. मी बाजूला बसून बघत राहिले.

पोरीचं अंग भरायला पावसाळा निम्मा गेला. गुडघ्यामागं काळे डाग राहिलेत, ते हायत. आता ती शाळेत जाते, मला आजी म्हणून गळ्यात पडते. सून माजं सगळं करते, दुखलं-खुपलं बघते. पण त्या दिवसापासनं पोरीचं एक कापड तिनं मला धुवायला दिलं नाय. मी मागितलं पण नाय. लाल बादलीला मी हात लावत नाय.

बाकीच्या युक्त्या वर लिवल्यात, त्या वापरा. पण एक मागणं हाय. तुमच्या घरात कोण कंपनीत जात असेल तर त्याची कापडं येगळ्या बादलीत धुवा नि ते पाणी टाकून द्या. फेस कितीही असला तरी टाकून द्या.