आमच्याकडचे एक व्यापारी
माझी मुलगी रेडिओ दुर्बिणीतून जवळच्या एका सर्पिल दीर्घिकेचा नकाशा तयार करते. चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेघा तिने मला घरी दाखवल्या. मी म्हणालो, चिमटीत ओढलेल्या रुईचे तंतू असेच एका अंगाला झुकतात. कापसाच्या खरेदीत माझी हयात गेली. तिने ते लगेच लिहून घेतलं.

वर्ध्याच्या कॉलेजातल्या भाषणात तिने तीच उपमा दिली, पण "आमच्याकडचे एक व्यापारी म्हणतात" एवढंच बोलली. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो.

बाहेर आल्यावर विचारलं, "काऊन वं, बाप म्हणायले लाज वाटली तुले?"

"बाबा, तिथं घरचं सांगत नसतात."

"तुह्या सरांचं नाव तं तीनदा घेतलं!"

ती गाडीचं दार उघडून उभी राहिली. मी घरी जायला समुद्रपूरची एसटी धरली.