शालनची डावी चप्पल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे स्वयंपाकघरातली भिंत बुजवणं. शालन घमेल्यात चुना कालवून द्यायची, मी थापीनं भरून वर दगड बसवायचो. गोड बोलणं वगैरे काही झालं नाही. मी दगड उलटा बसवला म्हणून ती मला बोलली, तिनं चुना पातळ केला म्हणून मी तिला बोललो. शेवटचा दगड बसला तेव्हा तिनं हात धुतले, चहा टाकला, आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "झालं बाई तुझं." हे ती मला म्हणाली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी शालन गेली.

इथल्या मराठी मंडळाच्या पुरवणीसाठी बायकोबद्दल काहीतरी लिहा, असं मुलगी कधीपासून म्हणत होती. मी सातवीत शाळा सोडली आणि जन्मभर ट्रक चालवला. लिहायची सवय नाही. गेलेल्या माणसाचं कौतुक लिहायचं असतं एवढं ठाऊक आहे. शालन कौतुकाची होतीच, पण तोंडानं फटकळ होती आणि हट्टी होती, तेही लिहिणार. आणि घराबद्दल लिहिणार, कारण शेवटी शेवटी ती माझ्यापेक्षा त्या घराचीच जास्त होती.

आमची सुजाता इकडं परदेशात, स्टेट कॉलेज नावाच्या शहरात शिकायला आली आणि तिथंच शिकवायला लागली. लग्न केलं नाही, घर घेतलं. तेही कसलं, तर शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याला, मक्याच्या शेतांच्या मधोमध, कुणी वाली नसलेलं जुनं दगडी घर. हातभर जाड भिंती, आत अंधार, जिन्याच्या फळ्या कुजलेल्या. आम्हाला तिनं बोलावून घेतलं ते सोबतीला. मी घर बघितलं आणि म्हणालो, पोरी, हे पाड आणि नवीन बांध. शालन पुढं झाली. तिचे वडील गवंडी, लहानपण सगळं बांधकामावर चुना-मातीत गेलेलं. तिनं भिंतीला तळहात लावला, दोन-चार ठिकाणी वाजवून बघितलं, कान लावला. मग म्हणाली, "हे मेलेलं नाही. झोपलंय." मला तेव्हाही ते बरं वाटलं नव्हतं.

मग ती इथं रुजली. मी नाही रुजलो, खोटं कशाला सांगू. मला माणसं लागतात, हॉर्न लागतो, चहाची टपरी लागते. इथं सकाळी घोडागाडीच्या टापा ऐकू यायच्या तेवढ्याच. शेजारी आमिश लोक, वीज वापरत नाहीत, मोटार चालवत नाहीत. त्यांच्यातल्या एका बाईशी शालनची गट्टी जमली. ती बाई तिच्या भाषेत बोलायची, ही मराठीत. बाई लाल भोपळा आणून द्यायची, ही तिला मेथी द्यायची. मी विचारलं, तुम्हाला एकमेकींचं कळतं काय? तर म्हणे, "तुम्हाला एवढी वर्षं माझी भाषा येते, तुम्हाला काय कळलं?" असं बोलायची. इंडियन दुकान लांब, तिथली भेंडी निबर, म्हणून परसात तिनं स्वतः भेंडी लावली. दोरी बांधून कपडे वाळत घातले. सुजाता म्हणायची, आई, ड्रायर आहे ना. शालन म्हणायची, ऊन पण आहे.

घराच्या कामाला हॅरल्ड नावाचा गवंडी यायचा. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. सिमेंट लावायचं नाही, जुना दगड सिमेंटनं गुदमरतो, दगडांमधल्या दर्जा, म्हणजे फटी, चुन्यानंच भरायच्या, असं तो सांगायचा आणि शालन मान हलवायची, जणू तिच्या बापानंच सांगितलं. तो वरच्या बाजूला काम करी, आम्ही दोघं खालची सोपी कामं करायचो. म्हातारपणी मी बायकोच्या हाताखाली बिगारी झालो.

वसंतात त्यानं स्वयंपाकघरातल्या जुन्या धुरांड्याची भिंत उघडली. तिथला दगड फुगून बाहेर आला होता. आत एक पोकळी निघाली, आणि पोकळीत एक बूट. बाईचा, चामड्याचा, काळा पडून लाकडासारखा कडक झालेला. एकच. आत गवत कोंबलेलं. टाच एका बाजूनं झिजलेली. हॅरल्डनं डोक्यावरची टोपी काढली. असे बूट जुन्या घरांत निघतात म्हणाला, घरात काही वाईट शिरू नये म्हणून बांधणारे लोक ठेवायचे, आणि आपण तो आहे तिथंच ठेवावा. सुजातानं मला हे सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. ट्रकच्या मागं आम्ही काय टांगत होतो? काळी चप्पल. एकच टांगायची. दृष्ट लागू नये म्हणून. गोरा काय आणि काळा काय, भीती सगळ्यांची सारखीच.

पण सुजाता शिकलेली. ती म्हणाली, "बाबा, हे हिस्टॉरिकल आहे, असं परत भिंतीत नाही टाकता येत." तिच्या युनिव्हर्सिटीत जुन्या वस्तूंचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना तिनं तो बूट नेऊन दिला. शालन तेव्हा एवढंच म्हणाली, तिला विचारलंस का? सुजातानं विचारलं, कुणाला? शालन उघड्या पोकळीतला चुन्याचा भुगा झाडायला लागली.

बूट गेला आणि भिंत तशीच उघडी राहिली, हॅरल्ड दुसऱ्या कामात अडकला होता. मग दुपारी आवाज यायला लागला. मी भुताखेताचा माणूस नाही. घाटात रात्री-अपरात्री गाडी बंद पडून एकटा झोपलेलो आहे, मला काही दिसलं नाही. पण हा भर दुपारचा आवाज. वरच्या मजल्यावर, लाकडी फळ्यांवर. ठक्... मग काही नाही... मग ठक्. कुणीतरी एका पायात बूट घालून, दुसरा पाय उघडा ठेवून चालावं तसा. टाच जोरात पडायची. मी वर जाऊन बघितलं. ऊन पडलं होतं खोलीभर, बाकी काही नाही. खाली आलो तर शालन कणीक मळत होती. म्हणाली, "शोधतीय ती." एवढंच, आणि परत कणकेत हात.

त्यानंतर ती तिच्याशी बोलायला लागली. मी समोर असतानाही. बाई, जरा थांब, दूध उतू जातंय. बाई, तिकडं नको, तिथं फळी कुजलीय. शेजारच्या शेतावरचा कुत्रा आधी आमच्या दारात भाकरी खायला यायचा, तो आता अंगणाच्या कडेलाच बसून राहायचा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघायचा. मी शालनला म्हणालो, चल, परत जाऊ, गावी जाऊ. ती म्हणाली, "तुम्ही जा. माझं इथलं काम व्हायचंय." मी एकटा कुठं जाणार, तिला माहीत होतं.

तिनं सुजाताकडं बूट परत मागितला. सुजातानं फोन केला. त्या बाई म्हणाल्या, तपासणी चालू आहे, वेळ लागेल. किती वेळ, तर सांगता येत नाही. शालननं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला चुना भिजवायला लावला. मला वाटलं, बरं झालं, भिंत बुजली की हे संपेल. मी पहिले दगड हातात घेतले आणि बघतो तर ती पायातली डावी चप्पल काढतीय. साधी, कोल्हापुरी नव्हे, रबरी तळाची, घरात घालायची चप्पल. तिनं ती पोकळीत ठेवली, अंगठा बाहेरच्या बाजूला करून.

मी ओरडलो. हे असं करत नाहीत. ट्रकला टांगायची ती टाकून दिलेली चप्पल असते, फाटकी, माणसाच्या कामातून गेलेली. चालत्या पायातली कधी देत नाहीत. माझी जुनी घे, तुटकी आहे, गॅरेजमध्ये पडलीय, असं म्हणालो. ती म्हणाली, "तुटकी दिली तर ती पुन्हा शोधत बसेल. तिला रोजची पाहिजे." मी हात आत घालून चप्पल काढायला गेलो तर तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता, चुन्यात बुडलेला म्हणून असेल. "अहो, भरा आता. चुना वाळतोय."

मी भरलं.

त्या दिवशी आवाज आला नाही. शालन एक पाय उघडा घेऊन घरभर फिरत होती, फरशी गार लागते म्हणत होती, पण दुसरी जोडी काढायचं नाव नाही. मी म्हणालो, निदान ही तरी काढ, लंगडी दिसतीस. ती हसली. खूप दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी मी तरटं आणायला गॅरेजमध्ये गेलो होतो. नवा चुना काही दिवस ओला ठेवला तरच पक्का होतो, नाहीतर भुगा होतो, म्हणून भिंतीवर ओली तरटं लावायची होती. परत आलो तर ती त्या भिंतीला टेकून खाली बसलेली. मांडीवर ताटलीत सोललेले लसूण. मला वाटलं डोळा लागला. ॲम्ब्युलन्स आली. एक पोरगी आणि एक पोरगा, दोघं चांगले होते, खूप वेळ प्रयत्न केला त्यांनी. तिला उचलताना त्या पोरीनं बघितलं की एकाच पायात चप्पल आहे. तिनं इकडंतिकडं शोधली, टेबलाखाली वाकून बघितलं. मग मला विचारलं. तेवढं इंग्रजी मला कळतं. मी भिंतीकडं बोट दाखवलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं, म्हाताऱ्याला काही समजत नाहीये.

डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. तिला बीपी होतंच.

संध्याकाळी सुजाता हॉस्पिटलमधून आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात शालनच्या बांगड्या, चष्मा आणि उजवी चप्पल. तिनं ती टेबलावर ठेवली. इकडं उन्हाळ्यात उशिरापर्यंत उजेड असतो, त्यामुळं दिवा लावायचंही कुणाच्या मनात आलं नाही. गुरुजींचा फोन झाला होता. दिवसांचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं, दानात छत्री आणि चपला द्यायच्या म्हणजे वाटेत पाय पोळत नाहीत, नव्या आणल्या तरी चालतील म्हणाले. सुजाता म्हणाली, नव्या देऊ, पण आईला तिच्या रोजच्या चपला घालूनच पाठवायचं. दुसरी कुठंय? मी सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं चिडेल, हसेल, इंग्रजीत काहीतरी बोलेल. काही नाही.

तेवढ्यात वर आवाज झाला.

फट्... मग काही नाही... मग फट्. टाचेचा नव्हता तो. रबरी तळाचा. हा आवाज मी जन्मभर ऐकलाय, स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून अंगणात. फरक एवढाच की एक पाऊल वाजायचं आणि एक नाही. सुजातानं हातातला कप खाली ठेवला. आम्ही दोघांनीही वर बघितलं नाही. टेबलावर पिशवीत ती चप्पल तशीच पडलेली, मी तिच्याकडं बघत होतो. हलली नाही.

आवाज जिन्यापर्यंत आला आणि थांबला.

"बाबा," सुजाता म्हणाली, "चुना ओला आहे अजून. काढूया."

मी पिशवीची गाठ चाचपत बसलो.

"आई अशी कशी जाईल? एका पायानं?"

ती खरंच बोलत होती. आमच्याकडंही हेच मानतात. वाटेवर काटे असतात, तापलेली वाळू असते, अनवाणी माणूस पुढं जाऊ शकत नाही, मागं रेंगाळतं. मला ते सगळं माहीत होतं. पोरीला आईची सुटका पाहिजे होती. चांगली आहे पोरगी. शिकलेली, पण शेवटी आपली. मी म्हणालो, सकाळी बघू. झोपायच्या आधी तिनं टेबलावर माझ्यासाठी थापी आणि हातोडी काढून ठेवली, उजव्या चपलेच्या शेजारी.

सुजाता आता शहरात अपार्टमेंट घेऊन राहते. मला चला म्हणते, दर शनिवारी येते, दारातूनच बोलते, स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही. माझ्यावर तिचा राग आहे. रास्त आहे. मी तिला समजावत नाही. ज्याला एकट्यानं राहायचंय त्याला कळेल, तिला कशाला कळायला पाहिजे.

कारण त्या दिवशी सकाळी ती उठायच्या आधी मी स्वयंपाकघरात आलो. ऊन नुकतंच खिडकीतून आत येत होतं. भिंतीवरचा चुना बोटानं दाबून बघितला, ओला होता, बोट रुतलं. एक दगड हलवला असता तर सगळं मोकळं झालं असतं. थापी हातात घेतली. मागं जिन्यावर पाऊल वाजलं, मग वाजलं नाही, मग वाजलं, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबलं. लसणाचा वास आला. मी वळलो नाही. थापी खाली ठेवली, बादली भरली, तरटं पाण्यात बुडवून पिळली आणि भिंतीला लावली. मग ओंजळीनं पाणी मारत राहिलो, वरपासून खालपर्यंत, कुठं कोरडं राहू नये म्हणून.